बारा लाद्या बर्फ

आमच्या भागात पावसाची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात, आणि मी मात्र अकरा हिवाळे गोठलेल्या पाण्यावर उभं राहून पगार घेतला. हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात, एसटीत, दाढीच्या दुकानात इतक्या वेळा फेकलंय, की आता तोंड उघडलं की तेच आधी बाहेर पडतं. ऐकणारा पहिल्यांदा हसतो. मग विचारतो, बर्फावर हॉकी? मग त्याची नजर हळूच माझ्या गुडघ्यांवर जाते आणि मी पाय लांब करून बसतो, म्हणजे त्याला नीट बघता यावं. फौजेच्या बर्फावरच्या हॉकी संघात मी गोलकीपर होतो. कागदावर पगार शिपाईगिरीचा, काम मात्र सहा फूट रुंदीच्या जाळीपुढं उभं राहून रबराची काळी चकती अंगावर घेण्याचं. तिला आम्ही पक म्हणायचो. पकच्या, पडलेल्या दातांच्या आणि गोठलेल्या मिश्यांच्या गोष्टी मी कुणालाही, कधीही, चहाच्या बदल्यात सांगतो. ही एक मात्र आजवर कुठल्या मांडवात सांगितलेली नाही. ती सांगताना हशा कुठं घ्यायचा ते मला अजून जमलेलं नाही.

आमचं घर औंधच्या पूर्वेला, यमाईचा डोंगर जिथून मुठीएवढा दिसतो तिथं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं मेंढरांचं वाडगं. मी दहावीत असताना आई गेली. त्यानंतर घरात उरले दोन पुरुष, सत्तावीस मेंढ्या आणि एक शिट्टी. शिट्टी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पलटणीत ते हवालदार क्लार्क होते. पेन्शनीवर आले ते शिट्टी घेऊनच. सकाळी पाचला शिट्टी, जेवणाला शिट्टी. ऐकणारा मी एकटा, तोही त्यांच्यापासून दोन हातांवर, ताट घेऊन बसलेला. तरी शिट्टी वाजायची आणि मग आम्ही घास घ्यायचो. बाजरीची भाकरी त्यांना झकास जमायची, कारण ती ते घड्याळ लावून भाजायचे. हुलग्याचं माडगं मात्र अखेरपर्यंत जमलं नाही. आईचं माडगं पातळ, वरून लसणाची फोडणी, भुरका मारला की कान गरम व्हायचे. आबांच्या माडग्यात गुठळ्या. गुठळी दाताखाली आली की आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता ती चावायचो. बोलायचं काम आमच्या घरात आईकडं होतं. तिघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलायची, आणि ती गेल्यावर ते काम कुणी हातात घेतलं नाही. चमचा ताटाला लागल्याचा आवाज, मागं एखादी मेंढी खोकल्याचा आवाज, आणि पडवीत येणाऱ्यांचा.

पडवीत रोज कुणी ना कुणी यायचं, कारण पाच गावांचे अर्ज आबा लिहायचे. विहिरीचा, रेशनकार्डाचा, विधवेच्या पेन्शनीचा. आलेला माणूस आपलं सगळं घराणं सांगायला बसायचा, आणि आबा पेन उघडून एकच विचारायचे, "कारण काय लिवू?" माणूस गडबडायचा. आबा थांबायचे. शेवटी त्याच्या तोंडून जे निघेल ते एका ओळीत लिहायचे, खाली सही घ्यायचे, आणि तो माणूस निघून जायचा. पडवी पुन्हा रिकामी.

मी भरती झालो आणि दुसऱ्याच हिवाळ्यात लडाखात पोचलो. तिथं एका सकाळी उस्तादांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या हवालदारांनी, विचारलं, "हॉकी किसने खेला है?" समोर पाण्याचे जेरीकॅन उचलायला लावलेली रांग होती. मी हात वर केला. हॉकीची काठी मी तोवर फक्त पेपरातल्या फोटोत बघितली होती, पण जेरीकॅन पाठीवर घेऊन बघितला होता. अर्ध्या तासात मी गोठलेल्या तळ्यावर आडवा झालो आणि पुढचे पंधरा दिवस बहुतेक आडवाच होतो. ज्याला चालताही येत नाही त्याला गोलात उभा करतात. तसा मी गोलकीपर झालो. तिथं एक गंमत झाली. पक जमिनीलगत पायांमधून जायला निघाली की माझे गुडघे आपोआप फटकन मिटायचे. उस्ताद म्हणाले, हे कुठं शिकलास? आता त्यांना काय सांगू? संध्याकाळी मेंढ्या रानातून आल्या की दिवसभर कोंडलेली कोकरं वाडग्याच्या तोंडाशी धाव घेतात. एकेक कोकरू सोडायचं, त्याला त्याची आई सापडू द्यायची, मग दुसरं. बाकीची वीस पायांमधून निसटायला टपलेली. आठ वर्षांचा असल्यापासून त्या तोंडात मी उभा होतो.

आणि तोंडही तेव्हाचंच चालू व्हायचं. पक अंगावर आली की मी मेंढरांना दरडावतो तसा दरडावायचो, "हुर्रर्र, मागं! मागं सर, तुझ्या मालकाच्या!" समोरच्या संघातल्या पोरांना वाटायचं मी मंत्र म्हणतोय. एकदा तर एकाने सामन्यानंतर येऊन मला तो शिकवायला सांगितलं, आणि मी शिकवला. मी ही नक्कल करतो तेव्हा आजही लोक मांड्या थोपटतात. पण खरं सांगायचं तर संघातल्या बावीस जणांत मराठी कळणारा कुणी नव्हता, आणि खेळ बहुतेक वेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चाललेला असायचा. तिकडं आरडाओरडा, इकडं मी. श्वास मुखवट्याच्या जाळीवर गोठायचा. दहा-दहा मिनिटं माझ्याकडं कुणी येत नसे. मग मी आईशी बोलायचो. काय खाल्लं, कुठं लागलं, असलंच. घरी जे बोललो नाही ते सगळं मी त्या जाळीपुढं बोललो.

घरी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. आबांनी पाच गावांत सांगितलं होतं, पोरगा बर्फाच्या चौकीवर हाय. फोनवर ते विचारायचे, "थंडी?" मी म्हणायचो, "लय." बर्फ होता, थंडी होती, खोटं कुठलंच नव्हतं. तिसऱ्या हिवाळ्याआधी, दिवाळीत, मी एक महिन्याच्या सुट्टीवर आलो ते मनात एकच गोष्ट घेऊन. संघात गोलकीपर आम्ही दोघं होतो. दुसरा लडाखचाच पोरगा, चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकलेला. डिसेंबरात तळं गोठलं की चाचणी होणार, एक जण संघात राहणार आणि दुसरा पलटणीत परत जाणार होता. माझ्या पेटीत तळाला, चादरीत गुंडाळून, उस्तादांनी दिलेले जुने स्केट आणि एक झिजलेली पक होती. उगीच. त्यांना सोडून यावंसं वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी, शिट्टी वाजायच्या आधी, आबांनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. माझ्या बदलीचा अर्ज. पुण्यातल्या फौजेच्या डेपोत त्यांचे जुने साहेब होते, शब्द टाकून झाला होता. अर्ज पूर्ण लिहिलेला, फक्त माझी सही बाकी. "डिसेंबरच्या आत जाईल," आबा म्हणाले, "शनिवारचं घरी." मी कागदावर नजर न टाकताच म्हणालो, "बघू, आबा." त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. पुढचे आठ दिवस तो खिशात राहिला आणि ते रोज एकदा माझ्याकडं बघून खिशावर हात ठेवायचे. मी लगेच उठून मेंढ्यांना पाणी दाखवायला जायचो. त्या आठ दिवसांत आमच्या मेंढ्या जितकं पाणी प्यायल्या तितकं कधी प्यायल्या नसतील.

नवव्या दिवशी आबांनी माझ्या पेटीला ऊन दाखवायचं ठरवलं. मी विहिरीवरून आलो तर ते पडवीत बसलेले, हातात माझा एक स्केट, अंगठ्याने पात्याची धार बघत.

"दत्ता, हे काय रं?"

"जोडा हाय, आबा."

"जोड्याला पातं? विळी हाय का जोडा हाय?"

मग मी सगळं सांगितलं. तळं, जाळी, पक, चाचणी. उभ्यानेच सांगितलं, आणि बोलता बोलता लक्षात आलं की या माणसापुढं एवढं सलग मी कधी बोललोच नव्हतो. आबांनी तोवर स्केट पुन्हा चादरीत गुंडाळला. शेवटी म्हणाले, "म्हंजी चौकीवर न्हाई."

"न्हाई."

"म्या पाच गावांत सांगितलं चौकीवर हाय म्हणून. अन् तू चेंडू खेळतुयास."

"चेंडू न्हाई आबा, चकती."

हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो, पण आजवर माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांत इतकं वाईट वाक्य दुसरं नसेल. तीन दिवस शिट्टी वाजली नाही. ताटं वाढली जायची आणि आपापली उचलली जायची. मला इतकी वर्षं त्या शिट्टीचा वैताग होता, आणि त्या तीन दिवसांत मी जेवताना कान लावून बसायचो. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते वाडग्याजवळ आले आणि म्हणाले, "दाखीव."

"काय?"

"काय करतुयास ते. बघितल्याशिवाय म्या कुठल्याच अर्जावर काय लिवत न्हाई."

"आवं आबा, हितं बर्फ कुठं हाय?"

"सांगलीला हाय की," आबा म्हणाले. जणू सांगलीला तळंच गोठलं होतं.

सांगलीत माझा मामा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. बबनमामा. देहाने आडवा आणि आवाजाने उभा. अमोनियाच्या वासात तीस वर्षं काढल्यामुळं दुसऱ्या कशाचाही वास त्याला येत नसे, आणि मामी काय शिजवते ते तो झाकण उघडून बघायचा. आबा आणि तो आईच्या दिवसकार्यानंतर भेटलेले नव्हते. विट्यावरून बस धरून आम्ही पोचलो. मामाने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आरं गड्या, लोक हितं सरबताला बर्फ नेत्यात, माशाला नेत्यात, परवा एक जण मयताला घेऊन गेला. बर्फावर नाचायला मागणारा तू पयला!" पण थंडीचे दिवस, बर्फाला गिऱ्हाईक नाही, लाद्या खोलीत पडून. मालक चार दिवस बाहेरगावी. मामाने आणि मी मिळून थंड खोलीतल्या फरशीवर बारा लाद्या आडव्या मांडल्या, तीनच्या चार रांगा, फटींत बर्फाचा चुरा दाबून वर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं एकसंध धरलं होतं. दोन मोठे पलंग जोडून लावले तर जेवढे होतील तेवढं माझं मैदान. त्यावर पळता येणार नव्हतं, वळताही येणार नव्हतं. पण गोलकीपरला तसंही पळायला कुठं असतं? भिंतीवर मामाने कोळशाने सहा फुटांची चौकट काढली. मी स्केट बांधले, पायाला मामाच्या दुकानदार मित्राकडचे गोणपाटाचे पॅड लावले आणि चौकटीपुढं उभा राहिलो. दाराशी आबा, अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, हात मागं बांधलेले, अगदी तपासणीला आलेल्या साहेबासारखे. पलीकडं कंप्रेसरची धकधक चालली होती.

मामाने पहिली पक हाताने सरकवली, मी अडवली. दुसरीही अडवली. तिसरीला मी जरा थाटात खाली बसलो आणि एक लादी कडेने सुटून मला घेऊन भिंतीपर्यंत गेली. मामा हसून हसून दाराला टेकला. आबा हसले नाहीत. ते पुढं आले, मेंढरं वळायची आपली काठी उलटी धरली आणि म्हणाले, "सरक, बबन." आणि त्या साठीच्या माणसाने जो टोला हाणला, तो मी पाहिलाच नाही, छातीवर लागला तेव्हा कळलं. दुसरा मामाच्या नडगीवर. "दाजी, आवं गोल तिकडं हाय!" मामा ओरडला. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांना नेम सापडत चालला होता. डावीकडं, उजवीकडं, पायांमधून. माझे गुडघे मिटत होते, तोंड सुरू झालं होतं, "हुर्रर्र, मागं!" आणि आबा एकदम थांबले.

"कोकरं सोडताना हुबा राह्याचास तसाच हुबा हायस की."

"व्हय, आबा."

"तुझी आई म्हणायची, ह्येच्या पायातनं वारा बी जायाचा न्हाई."

कितीतरी वर्षांनी त्यांनी तिचं नाव काढलं होतं. मला वाटलं, या माणसाला आज काहीतरी द्यावं. पुढचा टोला साधा होता, डोळे मिटून अडवण्यासारखा. मी गुडघा जरा उशिरा आणला. पक भिंतीवर आपटली. मामाने "गोल!" म्हणून आरोळी ठोकली. आबा माझ्याकडं बघत राहिले.

"सोडलास."

"न्हाई आबा, गेला."

"सोडलास, दत्ता. बापासाठी सोडलास. माझ्यावर दया नगं. परत."

मग त्यांनी आणखी किती मारले मला सांगता येणार नाही. काठी चिरली तेव्हा थांबले. एकही गेला नाही. गोणपाट फाटलं, हाताची दोन बोटं सुजली, आणि आबांच्या नाकातून धूर निघावा तशी वाफ निघत होती. ते लाद्यांवर अनवाणी आले, चपला दाराशी काढून, देवळात यावं तसे. माझ्या शेजारी, चौकटीपुढं उभे राहिले आणि समोर बघितलं.

"तुझ्या मागं कोन असतंय?"

"कोन न्हाई. जाळी."

"हरलं तर शिव्या कुणाला?"

"मलाच."

"अन् जिकलं तर खांद्यावर कुणाला घेत्यात?"

"गोल मारणाऱ्याला."

आबांना हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. मामाही हसायला लागला, कशाला ते न कळताच. मामीने त्या दिवशी तांबडा रस्सा केला होता, आबांनी तीन भाकरी खाल्ल्या. परतीच्या बसमध्ये मात्र ते खिडकीकडं तोंड करून बसले, आणि खिशावरचा हात त्यांनी घरापर्यंत काढला नाही. मला वाटलं होतं सांगलीत सगळं मिटलं. काही मिटलं नव्हतं. बघून झालं होतं, एवढंच.

सुट्टी संपली. सातारच्या स्टँडपर्यंत सोडायला आबा आले. माझी पेटी त्यांनीच उचलली होती, मला हात लावू दिला नाही. पुण्याची गाडी फलाटाला लागलेली, ड्रायव्हर चहाला गेलेला. आबांनी खिशातून कागद काढला, बाकावर ठेवलेल्या पेटीवर पसरला, पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "सही तेवढी ऱ्हायलीय," ते म्हणाले. "करायची का न्हाई ते तुझं तू बघ. पर वाचून घे."

महिनाभर मी तो कागद वाचला नव्हता. आबांचा गुडघा दुखतो, त्याचंच काहीतरी डॉक्टरी कारण घातलं असणार असं मी धरून चाललो होतो. ते सुरेख, सुटं, क्लार्कचं अक्षर. वर साहेबाचं पद, मग माझा नंबर, नाव, आणि त्याखाली विनंतीचं कारण, एका ओळीत. 'घरी वडील एकटे असून त्यांच्याशी बोलायला कोणी नाही.'

मी मान वर केली नाही. स्टँडवर कुणीतरी कर्नाटकच्या गाडीची विचारणा करत होतं, भोंग्यावर कुठलीतरी गाडी पुकारत होते. साहेबांच्या टेबलावर, चार अनोळखी माणसांनी वाचावं म्हणून, आबांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मला तोंडावर सांगितलं असतं तर... पण ते आमच्या घरात कुणाला येत होतं?

"आबा," मी म्हणालो, "मला जायचंय."

"ते दिसतंय. तिकडं तुझ्याशी बोलायला कोन हाय का?"

"न्हाई. मराठी कुणालाच येत न्हाई."

"मंग हितं बी न्हाई, तितं बी न्हाई. तर जायाचं कारण काय?"

ते खरंच विचारत होते. पडवीत आलेल्या माणसाला विचारायचे तसं, पेन उघडं ठेवून, घाई न करता. मी देशाचं म्हणावं, पगाराचं म्हणावं, बढतीचं म्हणावं; सगळी कारणं तोंडाशी आली आणि एकही त्यांच्यापुढं टिकणार नव्हतं. ड्रायव्हर चढला. गाडीने घरघर केली.

"मला ते चांगलं येतंय, आबा," मी म्हणालो. "दुसरं काय एवढं चांगलं येत न्हाई."

आबांनी पेन माझ्या हातातून घेतलं, टोपण लावलं, कागदाची घडी केली. "चालंल," ते म्हणाले. "हे कारण चालंल." आणि पेटी उचलून त्यांनी स्वतः गाडीत चढवली.

खिडकी मला फलाटाच्याच बाजूची मिळाली. मी हात बाहेर काढला, पण आबा माझ्याकडं बघत नव्हते. डोक्यावर गठुळं घेतलेल्या एका बाईने त्यांना वडूजची गाडी कुठं लागते ते विचारलं होतं. गाडी समोरच उभी होती. तरी ती कुठल्या कुठल्या गावावरून जाते, कुठं थांबते, उतरल्यावर कुठल्या बाजूने चालायचं, हे आबा तिला बोटांवर मोजून सांगत होते, आणि आमची गाडी वळणावर गेली तेव्हाही ते सांगतच होते.